ड्रोन घेण्याआधी गटाचा हिशोब

सख्यांनो, रोबो म्हटलं की सिनेमातला लोखंडी माणूस डोळ्यांपुढं येतो. पण रोबोची खूण वेगळी आहे. पिठाची गिरणी दाणे संपले तरी फिरतच राहते. रोबोला मात्र सेन्सरचे डोळे, संगणकाची बुद्धी आणि मोटारीचे हातपाय असतात. तो बघतो, ठरवतो आणि मग काम करतो. फवारणीचा ड्रोन हा असाच उडता रोबो. आपल्या मराठवाड्यात परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात शेतीतले रोबो आणि ड्रोन यांवर संशोधन व प्रशिक्षणाचा प्रकल्प राबवला गेला आहे.

याची गरज काय? 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले. ड्रोन असला की पाठीवर पंप घेऊन कपाशीत शिरावं लागत नाही.

नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारनं ‘नमो ड्रोन दीदी’ योजना मंजूर केली. देशातल्या 15,000 महिला गटांना ड्रोन द्यायचं ठरलं. किमतीच्या 80 टक्के, जास्तीत जास्त 8 लाख रुपये अनुदान; बाकी रक्कम गटानं कर्जानं उभी करायची. निवडलेल्या सदस्येला 15 दिवसांचं प्रशिक्षण.

आता हिशोब मांडू. समजा ड्रोन 10 लाखांचा, म्हणजे गटावर 2 लाखांचं कर्ज. एकरी 300 रुपये मिळाले आणि बॅटरी, वाहतूक, चालकाची मजुरी यांत 150 गेले, तर हाती 150 उरले. व्याज सोडून नुसतं मुद्दल फेडायला सुमारे 1,334 एकर फवारावे लागतील. तेवढं काम आपल्या गावांत आहे का, हे आधी मोजा.

दोन गोष्टी विसरू नका. औषध कालवताना हातमोजे आणि मास्क लागतोच. वारा असेल तर उडवू नका. शेजारच्या तुतीवर औषध गेलं तर रेशीम अळ्या मरतात.

येत्या बैठकीत बोला:
1. आपल्या ग्रामसंघात कपाशी, सोयाबीन, मोसंबी मिळून किती एकर?
2. दुरुस्तीसाठी दरमहा किती बाजूला टाकायचे?
3. रिमोट कुणाच्या हातात राहणार?

तिसऱ्या प्रश्नावर ठरावच करा. प्रमाणपत्र ताईच्या नावावर आणि ड्रोन घरातल्या पुरुषाच्या हातात, असं झालं तर कर्ज तेवढं आपलं राहील. योजना सध्या सुरू आहे का, हे प्रभागसंघात विचारूनच पुढचं पाऊल टाका.