‘आता काही करता येणार नाही’ याच्या पुढचा धडा

आपल्या होस्टेलवर चष्मेवाल्यांची काही कमी नाही. नंबर काढला, चष्मा घातला की आपलं भागतं. पण चष्मा, औषध, ऑपरेशन सगळं होऊनही ज्यांना पुरेसं दिसत नाही, त्यांचं काय? ते पूर्ण आंधळे नाहीत आणि आपल्यासारखे डोळसही नाहीत. या मधल्या अवस्थेला ‘लो व्हिजन’ किंवा अल्पदृष्टी म्हणतात. अशा पेशंटला मदत करायला डोळ्यांच्या डॉक्टरांनी आणि ऑप्टोमेट्रिस्टनी नेमकं काय शिकायला हवं, ते या लेखात पाहू.

आधी व्याख्या. आपल्या देशाच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार, चांगल्यात चांगला चष्मा लावूनही बऱ्या डोळ्याची नजर ६/१८ पेक्षा कमी, पण ३/६० पर्यंत असेल, तर ती अल्पदृष्टी. किंवा दिसण्याचा घेर ४० अंशांपेक्षा कमी, पण १० अंशांपर्यंत असेल, तरीही अल्पदृष्टीच. ६/६० म्हणजे काय? निरोगी डोळ्याला जे अक्षर ६० मीटरवरून ओळखता येतं, ते या माणसाला ६ मीटरवर आल्यावर दिसतं.

धडा पहिला : वाक्य नीट बोला

माझ्या आत्याचा डोळ्यांचा पडदा मधुमेहाने खराब झाला. लेझर झालं, इंजेक्शनं झाली. शेवटी एका दवाखान्यात सांगितलं, ‘आता काही करता येणार नाही.’ त्या दिवसापासून आत्याने पेपर सोडला, पोथी सोडली, हळूहळू स्वयंपाकघरही सोडलं. खरं वाक्य एवढंच होतं : ‘औषधाने किंवा ऑपरेशनने नजर आणखी सुधारणार नाही.’ या दोन वाक्यांत किती फरक आहे! पहिल्याने दार बंद होतं. दुसऱ्यानंतर ‘मग आहे त्या नजरेत काय काय करता येईल?’ हा प्रश्न उरतो. तीन वर्षांनी दुसरीकडे एका ऑप्टोमेट्रिस्टने तिला विचारलं, ‘मावशी, तुम्हाला काय करायचंय?’ आत्या म्हणाली, ‘गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव वाचायचंय. दर वेळी सुनेला हाक मारायला नको.’

धडा दुसरा : तक्ता म्हणजे सगळं नव्हे

भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता स्नेलन या डच डॉक्टरांनी १८६२ साली केला. तो फार उपयोगी आहे, पण त्यावर पांढऱ्यावर काळी अक्षरं असतात आणि प्रकाशही भरपूर असतो. आयुष्य तसं नसतं. मॅक्युला, म्हणजे पडद्याचा मधला भाग, बिघडला तर समोरच्याचा चेहराच पुसट होतो. रेटिनायटिस पिग्मेंटोझामध्ये रात्री दिसत नाही आणि बाजूचं दिसणं जात जात नळीतून बघितल्यासारखं होतं. अल्बिनिझममध्ये उन्हाने डोळे दिपतात. तक्त्यावर तिघांचा आकडा एकच येऊ शकतो, पण अडचणी तीन आहेत आणि उपायही तीन.

धडा तिसरा : थोडं गणित

हा भाग आपल्याला सोपा! केस्टनबॉमचा नियम सांगतो, नजरेचा अपूर्णांक उलटा करा. ६/६० असेल तर ६० भागिले ६ म्हणजे १० डायॉप्टर. पेपरच्या अक्षरासाठी अंदाजे एवढ्या शक्तीचं भिंग लागेल. १० डायॉप्टरचं नाभीय अंतर १/१० मीटर, म्हणजे १० सेंटिमीटर. थोडक्यात, पेपर नाकाजवळ आणावा लागणार. घरचे लगेच ओरडतात, ‘जवळ धरू नकोस, डोळे बिघडतील!’ तसं काही होत नाही, हे पेशंटला आणि घरच्यांनाही सांगणं ट्रेनिंगचाच भाग आहे.

पण फॉर्म्युल्याने फक्त सुरुवात मिळते. भिंग जितकं जास्त पॉवरचं, तितकी एका वेळी दिसणारी अक्षरं कमी. हात थरथरत असेल तर स्टँडचं भिंग बरं. म्हणून पेशंटच्या हातात त्याचंच काम देऊन, म्हणजे गोळ्यांचं पाकीट, सातबारा, मुलाची वही देऊन, करून बघावं लागतं.

धडा चौथा : भिंगाशिवायचे उपाय

टेबललॅम्प ६० सेंटिमीटरवरून ३० वर आणला तर कागदावर साधारण चौपट प्रकाश पडतो. काळ्या कार्डाला एका ओळीएवढी खाच पाडली की ओळ चुकत नाही आणि चमकही कमी होते. दूध गडद रंगाच्या कपात ओतलं तर कडेपर्यंत आलेलं कळतं. मॅक्युला गेलेल्यांना नजर किंचित बाजूला ठेवून बघायची सवय लावता येते, मात्र त्याला सराव लागतो. इथेच ट्रेनिंगची खरी परीक्षा होते. भिंग दुकानातही मिळतं. ते वापरायला धीराने शिकवणारा माणूस दुकानात मिळत नाही. न शिकवता दिलेलं भिंग कपाटातच राहतं.

कोणी काय शिकायचं?

हैदराबादची एल. व्ही. प्रसाद आय इन्स्टिट्यूट १९८७ साली सुरू झाली. तिची रचना पिरॅमिडसारखी आहे. साधारण ५०,००० लोकवस्तीमागे एक व्हिजन सेंटर, तिथे त्याच भागातली, वर्षभर शिकवून तयार केलेली मुलं-मुली; वर मोठी हॉस्पिटलं. मला वाटतं, अल्पदृष्टीचं शिक्षणही असंच पायऱ्यापायऱ्यांनी वाटावं. गावातल्या तंत्रज्ञाने पेशंट ओळखून पुढे पाठवावा. ऑप्टोमेट्रिस्टने भिंग निवडून शिकवावं. सर्जनने निदान योग्य वाक्य बोलून चिठ्ठी द्यावी. आणि धूसर गॉगल घालून पाच मिनिटं चालण्याचा जो अभ्यास करून घेतात, तो सर्वांनी करावा. फक्त त्यावरून ‘मला सगळं कळलं’ असं समजू नये. बाकीचं पेशंटलाच विचारावं.

आत्याला २० डायॉप्टरचं, दिवा असलेलं स्टँडचं भिंग मिळालं. पोथी अजून जमत नाही, चार ओळींत दमते. पण गोळ्या ती स्वतः घेते.

तुमच्या घरीही कुणाला ‘आता काही करता येणार नाही’ असं सांगितलं असेल, तर या सुट्टीत एवढंच विचारा : ‘लो व्हिजन क्लिनिकला दाखवलंय का?’