रेषा आधी, उजेड नंतर : घरच्या घरी चमकणारं जॅकेट

१९८२ साली आलेल्या 'ट्रॉन' या चित्रपटातल्या माणसांच्या अंगावर उजेडाच्या रेषा धावताना दिसतात. चित्रीकरणाच्या वेळी त्या पोशाखांत एकही दिवा नव्हता. नटांच्या अंगावर पांढरे कपडे होते, त्यांवर काळ्या रेषांची नक्षी होती आणि चित्रण कृष्णधवल फिल्मवर झालं होतं. नंतर एकेक चौकट मोठ्या पारदर्शक फिल्मवर उतरवून, मागून प्रकाश सोडून त्या रेषा उजळवल्या गेल्या. २०१० च्या 'ट्रॉन: लेगसी'त उजेड खरोखरच कपड्यांत आला. लवचीक, स्वतः चमकणाऱ्या पट्ट्या पोशाखांवर बसवल्या आणि बॅटरीही पोशाखातच लपवली.

तंत्र पार बदललं, पण क्रम तोच राहिला : आधी रेषा ठरली, मग तिच्यात उजेड भरला गेला. पहिल्या चित्रपटाची संकल्पचित्रं सिड मीड आणि फ्रेंच चित्रकार मोबियस यांच्या हातची होती, आणि ती रेखाटनं आजही जुनी वाटत नाहीत. घरी जॅकेट करताना नेमका हाच क्रम उलटा होतो. दिवे आधी घेतले जातात आणि ते लावायचे कुठे याचा विचार मागाहून होतो. खालची कृती रेषेपासून सुरू होते. शिवणाची थोडी सवय असेल तर दोन-तीन सुट्ट्यांत जॅकेट तयार होतं.

कोणती तार, आणि ती चमकते कशी

या जॅकेटसाठी ईएल वायर वापरायची. मधे तांब्याची तार, तिच्यावर झिंक सल्फाइडच्या जातीच्या चमकद्रव्याचा थर, त्याभोवती केसाएवढ्या दोन बारीक तारांचा वेढा आणि वरून प्लास्टिकचं पारदर्शक किंवा रंगीत आवरण, अशी तिची घडण असते. मधली तार आणि बाहेरचा वेढा यांच्यामध्ये वेगाने दिशा बदलणारा विद्युतदाब दिला की मधला थर उजळतो. झिंक सल्फाइडच्या भुकटीत हा परिणाम १९३६ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ जॉर्ज देस्त्रियो यांनी नोंदवला.

कपड्यासाठी ही तार सोयीची आहे, कारण ती तापत नाही, वाकते आणि तिच्यावर दिव्यांचे ठिपके न दिसता अखंड रेषा दिसते. तिची मर्यादाही ध्यानात ठेवा. तिचा उजेड मंद असतो. उन्हात किंवा ट्यूबलाइटखाली ती जेमतेम दिसते. रंगमंच, संध्याकाळची मिरवणूक, अंधारलेलं सभागृह हीच तिची जागा. रंग निवडताना निळसर-हिरवा किंवा आकाशी घ्या. चमकद्रव्याचा मूळ उजेड त्याच छटेचा असल्यामुळे हे रंग सर्वांत तेजस्वी दिसतात. लाल आणि जांभळा त्यामानाने फिके पडतात.

सामान

- काळं, बिनचमकीचं, अस्तर असलेलं जॅकेट
- २.३ मिमी जाडीची ईएल वायर : २ मीटरचे दोन तुकडे, १ मीटरचा एक
- ५ मीटर तार पेलणारा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा ईएल इन्व्हर्टर (काडेपेटीच्या आसपासची डबी असते)
- एकाचे तीन फाटे करणारा स्प्लिटर, आणि ५० सेंमी व १ मीटर लांबीच्या दोन जोडतारा
- पारदर्शक तंगूस, बारीक सुई, शिंप्याचा खडू, टेप, टाचण्या, पांढरी लोकर
- हीट श्रिंक ट्यूब, काळी इन्सुलेशन टेप, वेल्क्रो
- ५ मिमी जाडीची काळी ईव्हीए फोम शीट

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली इथे इलेक्ट्रॉनिक्सचं सामान धुंडाळता येतं. ही तार मोटारीच्या डॅशबोर्डची सजावट म्हणूनही विकली जाते. तशी घेतलीत तर दोन गोष्टी पाहा. तिच्यासोबतचा इन्व्हर्टर बहुधा १२ व्होल्टचा, गाडीच्या सॉकेटचा असतो. तो इथे चालणार नाही. आणि तिला कडेने एक चपटी पट्टी जोडलेली असते. ती पट्टी सरळ शिवणीत पायपिंगसारखी बसते, पण वळणावर अडते. आपल्या नक्षीत वळणं आहेत, म्हणून बिनपट्टीची गोल तार घ्या.

कृती

१. जॅकेट पारखून घ्या. नवंच हवं असं नाही. जुन्या बाजारातलं, अंगात नीट बसणारं चालेल. कापड चकाकतं नसावं. चकाकत्या कापडावर तारेचं प्रतिबिंब पडतं आणि रेषा पसरट दिसते. मंद काळ्यावर ती धारदार उठते. अस्तर मात्र हवंच, कारण सगळ्या जोडण्या त्याच्या आत लपवायच्या आहेत.

२. लोकरीने रेषा आखा. जॅकेट ज्याचं आहे त्याच्या अंगात घालून त्याला उभं करा. पांढरी लोकर टाचण्यांनी जॅकेटवर लावत जा. आपली नक्षी अशी : पुढच्या खालच्या कडेपासून चेनला समांतर, तिच्यापासून ५ सेंमी अंतर ठेवून वर, छातीशी तिरकी वळून खांद्याच्या टोकाला, तिथून बाहीवरून मनगटापर्यंत, आणि शेवटी मनगटाला एक वेढा. दुसरी बाजू हुबेहूब तशीच. पाठीवर खालच्या कडेच्या मध्यापासून ३० सेंमी सरळ वर, आणि तिथे २० सेंमी व्यासाचं एक वर्तुळ.

आता दहा पावलं मागे जा, खोलीत अंधूक उजेड करा आणि मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. दोन्ही खांदे सारखे आहेत का, छातीचा तिरकस कोन सारखा आहे का, हे डोळ्यांपेक्षा फोटोत पटकन कळतं. रेषा वाढवण्याचा मोह इथे होतोच. हात आखडता घ्या. दोन रेषांमधला काळा भाग मोठा राहिला तरच रेषा दिसते. मन भरलं की लोकरीच्या कडेने खडूने आखून घ्या आणि लोकर काढा.

३. माप घ्या, तेही कोपर वाकवून. मध्यम मापाच्या जॅकेटला एका बाजूचा हिशेब साधारण असा येतो : चेनशेजारी ५५ सेंमी, छातीचा तिरका भाग २५, बाही ६०, मनगटाचा वेढा २८. म्हणजे १६८ सेंमी. दोन मीटरच्या तुकड्यातून ३० सेंमीच्या वर तार उरते. ती अस्तरात ये-जा करायला लागते. पाठीच्या वर्तुळाचा परीघ ६३ सेंमी आणि खालची रेघ ३० सेंमी मिळून ९३ होतात, म्हणून तिथे १ मीटरचा तुकडा.

बाहीचं माप हात सरळ ठेवून घेऊ नका. कोपर पूर्ण वाकवला की बाहीची बाहेरची बाजू ताणली जाते. कोपराच्या हाडावरून रेषा नेली तर प्रत्येक हालचालीत तार ओढली जाईल आणि आतल्या बारीक तारा तुटतील. खडूची रेघ हाडाच्या दोन बोटं पुढून न्या आणि माप हात वाकवलेला असताना घ्या.

४. शिवण्याआधी तार तपासा. तिन्ही तुकडे स्प्लिटरला, स्प्लिटर इन्व्हर्टरला जोडा आणि मगच सेल घालून बटण दाबा. तार न जोडता इन्व्हर्टर चालू करायचा नाही. तो त्याने खराब होऊ शकतो. तिन्ही तुकडे टेबलावर तासभर पेटते ठेवा. एखादा भाग काळा पडत असेल तर तो आत्ताच बदलून घेता येतो.

इन्व्हर्टरमधून बाहेर पडणारा दाब शंभर व्होल्टच्या आसपास असतो. विद्युतप्रवाह अगदी थोडा, त्यामुळे धोका मोठा नाही, पण उघड्या टोकाला बोट लागलं तर चांगलाच चिमटा बसतो. म्हणून यापुढचं सगळं काम सेल काढून करा.

५. अस्तरात वाट करा. अस्तराची खालची शिवण तीन ठिकाणी, डाव्या पुढच्या कोपऱ्याशी, पाठीच्या मध्यावर आणि उजव्या कोपऱ्याशी, वीतभर उसवा. इन्व्हर्टर डाव्या आतल्या खिशात राहील. खिशाच्या तळाशी एक छोटं काजं करून स्प्लिटर अस्तराच्या आत सोडा. डाव्या तारेला जोडतार लागत नाही. पाठीकडे ५० सेंमीची, उजवीकडे १ मीटरची जोडतार न्यायची. टोक मोठ्या सेफ्टी पिनेला बांधून, नाडी ओवतो तसं अस्तरातून सरकवत न्या. जिथून तार कापडाबाहेर येते तिथे भोक पाडून त्याच्या कडा काजाच्या टाक्याने पक्क्या करा, नाहीतर भोक वाढत जातं.

६. तार शिवा. हे काम सावकाशीचं आहे. चांगल्या उजेडात बसा, बाहीच्या आत जाड पुठ्ठ्याची गुंडाळी घाला म्हणजे सुई पलीकडच्या थरात जाणार नाही.

तंगूस सुईत ओवा. सुई खालून वर, तारेच्या अगदी लगत काढा. तारेवरून आडवी घेऊन दुसऱ्या बाजूला तितक्याच लगत खाली घाला. टाका तारेला मिठीत घेतो, तिच्यातून आरपार जात नाही. सुई आवरणात घुसली तर आतली केसाएवढी तार तुटते आणि तिथून पुढचा सगळा भाग अंधारतो. सरळ रेषेत दर दीड सेंमीला एक टाका पुरे. वळणावर अंतर निम्मं करा. टाका इतकाच आवळा की नखाने ढकलल्यावर तार टाक्याखालून थोडी सरकावी. ही सैल जागाच वाकण्या-उठण्यात तारेला जपते. तंगूस गुळगुळीत असल्याने गाठ सुटते, म्हणून दर वीतभराने आतल्या बाजूला तीन गाठी मारा.

छातीवर रेषा तिरकी वळते तिथे कोपरा टोकदार हवा असेल तर तार कापडावर दुमडू नका. कोपऱ्याच्या बिंदूवर भोक पाडा, तार आत घ्या, आत मोठ्या गोलाईने फिरवा आणि त्याच भोकातून नव्या दिशेने बाहेर काढा. बाहेरून कोपरा धारदार दिसतो, आत तार सुखाने वळलेली असते.

वर्तुळासाठी आधी २० सेंमीची वाटोळी पुठ्ठ्याची चकती कापा आणि तिच्या कडेने कच्चे टाके घाला. मग वर, खाली, डावीकडे, उजवीकडे असे चार पक्के टाके आधी घेऊन उरलेले भरा. एका टोकापासून शिवत गेलात तर वर्तुळ हमखास लंबगोल होतं.

झटपट चिकटणारा गोंद मात्र वापरू नका. तो वाळला की कडक होतो, कापडावर पांढरट डाग पाडतो आणि तार बदलायची वेळ आली की जॅकेट फाटतं.

७. टोकं आणि जोड झाका. मनगटाच्या वेढ्याचं टोक आणि वर्तुळाचं टोक कापडाच्या आत घ्या. प्रत्येकावर सेंटिमीटरभर हीट श्रिंक ट्यूब चढवून ती गरम करून आवळा. अस्तरातल्या प्रत्येक जोडावर इन्सुलेशन टेप गुंडाळा आणि तो जोड अस्तराला एका टाक्याने बांधा, म्हणजे झटका थेट जोडावर येणार नाही.

८. खांद्यांवर पाट्या बसवा. फोम शीटमधून दोन षटकोनी पाट्या कापा, साधारण तळहाताएवढ्या. कटरने त्यांवर दोन-तीन रेघा निम्म्या जाडीपर्यंतच चिरा. हीट गनने किंवा कडक गरम हेअर ड्रायरने तापवल्यावर या चिरा उघडतात आणि जोडलेल्या धातूच्या पत्र्यासारख्या दिसतात. फोम गरम असतानाच खांद्यावर दाबून धरा. थंड झाल्यावर तो बाक टिकतो. पाटी वेल्क्रोने लावा आणि तिची कड तारेपासून अर्धा सेंमी वर राहील अशी बसवा. तारेचा उजेड त्या कडेवर पडतो आणि साध्या काळ्या फोमला चिलखताचा भारदस्तपणा येतो.

९. अंधारात चालून पाहा. जॅकेट घाला, बटण दाबा, आरशासमोर बसा, उठा, हात डोक्यावर न्या, कोपर वाकवा. कुठे तार ताणली जात असेल तर तिथले दोन टाके उसवून सैल करा. सगळं ठीक वाटल्यावरच अस्तराची शिवण बंद करा, पण मशीनची टीप न मारता हाताने. पुढे कधी जोड तपासायचा झाला तर ती सहज उसवता येते.

वापर आणि निगा

इन्व्हर्टर बारीक किणकिणतो. फोमच्या छोट्या पिशवीत ठेवला तर आवाज दबतो. पॉवर बँकेवर चालणारा इन्व्हर्टर घेतला असेल तर ती घरी आधी तासभर चालवून पाहा; वीज फार कमी ओढली गेली की काही पॉवर बँका आपोआप बंद पडतात. पावसात हे जॅकेट घालू नका. ते धुवायचं नाही, ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवायचं. घडी न घालता रुंद हँगरवर टांगा आणि ठेवण्याआधी सेल काढा.

बिघाड ओळखणं अवघड नाही. सगळंच मंद झालं तर सेल उतरलेत. एक अख्खी बाजू गेली तर अस्तरातला जोड सुटलाय. एखाद्या जागेपासून पुढे अंधार झाला तर तिथे आतली तार तुटलीय आणि तो तुकडाच बदलावा लागेल. टाके तंगूसचे असल्यामुळे ते कापले की तार मोकळी होते आणि नवी त्याच खडूच्या वाटेवर बसते.

याच्या पुढची पायरी म्हणजे प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा ठरवता येणारी डब्ल्यूएस २८१२बी जातीची एलईडी पट्टी. तिला छोटा संगणक-बोर्ड, आज्ञावली आणि बरीच जास्त वीज लागते : पूर्ण पांढऱ्या उजेडात एक दिवा सुमारे ६० मिलिअँपिअर घेतो, म्हणजे ६० दिव्यांना ३.६ अँपिअर. तिकडे जाण्याआधी हे एक जॅकेट पूर्ण करा. मोजून आखायला, तंगूसने तारेला न दुखावता शिवायला, कोपर वाकवून माप घ्यायला जो हात एकदा बसतो, तो पुढच्या कोणत्याही तंत्राला पुरतो.