मेंदूच्या कामाचे मोजमाप



नाडी बोटांना कळते, ताप थर्मामीटरने कळतो. पण कवटीत बंद असलेल्या मेंदूचे काम मोजायचे कसे? हा प्रश्न आम्हाला पुस्तकाआधी शेजारच्या घरात भेटला. तेथील मुलीला फीट येत असे. कोणी कांदा हुंगवी, कोणी चप्पल. कोणी बाहेरची बाधा म्हणे. मुलीची शाळा सुटली. पुढे डॉक्टरांनी ईईजी काढण्यास सांगितले, तेव्हा तिच्या आईने आम्हाला विचारले, "भाऊ, पोरीला शॉक देणार का हो?" त्या माउलीला दिलेले उत्तर आपणही समजून घेऊ.

मेंदूतील पेशींच्या कामात अत्यंत सूक्ष्म वीज निर्माण होते. जर्मनीतील जेना येथील डॉ. हान्स बर्गर यांनी १९२४ साली ती प्रथम माणसाच्या डोक्यावरून नोंदवली आणि १९२९ साली प्रसिद्ध केली. हाच ईईजी. डोक्याच्या त्वचेवर पेस्ट लावून वीस-एकवीस चकत्या बसवतात. त्या मेंदूत वीज सोडत नाहीत, फक्त आतून येणारी टिपतात. शॉक नाही, सुई नाही. घड्याळाचा सेल दीड व्होल्टचा असतो. ही वीज व्होल्टच्या दहा लाखाव्या भागात मोजतात.

डोळे मिटून स्वस्थ बसले की सेकंदाला ८ ते १३ लाटा उमटतात. डोळे उघडताच त्या दबतात. फीटच्या विकारात टोकदार लाटा दिसू शकतात. मात्र आलेख चांगला आला म्हणून विकार नाहीच, असे समजू नये. तपासणीच्या वेळी मेंदू शांतही असू शकतो.

दुसरी पद्धत फंक्शनल एमआरआय. मेंदूचा जो भाग काम करतो तिकडे प्राणवायूयुक्त रक्त अधिक जाते. प्राणवायू असलेल्या व नसलेल्या रक्ताचे चुंबकीय गुण वेगळे असतात, हे हेरून सेइजी ओगावा यांनी १९९० साली या पद्धतीचा पाया घातला.

आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे तर, ईईजी म्हणजे दाराबाहेरून आतला गलका ऐकणे. गर्दी केव्हा वाढली ते तत्क्षणी कळते, पण कोणत्या काउंटरवर ते नेमके कळत नाही. एमआरआयमध्ये काउंटर दिसतो, पण काही सेकंद उशिराने. आणि ग्राहकाच्या मनात काय आहे, हे दोन्हींतून थेट वाचता येत नाही.

यंत्रावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये. २००९ साली अमेरिकेतील संशोधकांनी चक्क मेलेला सामन मासा यंत्रात ठेवून त्याला माणसांची छायाचित्रे 'दाखवली'. हजारो बिंदू तपासताना काही निव्वळ योगायोगाने चमकतात. त्यासाठीची दुरुस्ती आकडेमोडीत केली नाही, तेव्हा मेलेल्या मेंदूतही हालचाल दिसली! ताळा जुळल्याशिवाय वही मिटू नये, हा नियम विज्ञानालाही लागू आहे.

त्या मुलीच्या आलेखात विकाराची खूण मिळाली, औषध सुरू झाले आणि ती पुन्हा शाळेत जाऊ लागली. योग्य निदान व उपचार मिळाल्यास फीटच्या शंभरपैकी सत्तर रुग्णांपर्यंत फीट थांबू शकते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

तेव्हा मित्रांनो, कोणाला फीट आली तर त्याला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, आणि डॉक्टरांकडे न्या. शॉकची भीती कोणी घातली, तर चकत्या फक्त टिपतात हे त्याला समजावून सांगा.