रक्तातील साखर उतरते तेव्हा

कोलकाता शहराच्या उत्तर भागात, हुगळीच्या काठाला लागून बागबाजार ही जुनी वस्ती आहे. नागपूरकर भोसल्यांच्या फौजांच्या धास्तीने १७४२ साली शहराभोवती खंदक खोदण्यात आला. त्याची आठवण येथील 'मराठा डिच लेन' या गल्लीच्या नावात अद्याप टिकून आहे. परंतु बंगालभर या वस्तीची ख्याती झाली ती खंदकामुळे नव्हे, रसगुल्ल्यामुळे. नवीनचंद्र दास या मिठाईवाल्याने १८६८ साली येथील आपल्या दुकानात छेन्याचे गोळे साखरेच्या पाकात उकळून मऊ व सच्छिद्र करण्याची युक्ती साधली, असे बंगालमध्ये मानले जाते. ओडिशाचा दावा याहून जुना आहे, आणि दोन्ही राज्यांना आपापल्या रसगुल्ल्यासाठी भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. बंगालला ते मिळाले १४ नोव्हेंबर २०१७ रोजी. हाच दिवस जगभर मधुमेह दिन म्हणून पाळला जातो, कारण इन्सुलिनच्या शोधकर्त्यांपैकी फ्रेडरिक बँटिंग यांचा तो जन्मदिवस होय. योगायोग मोठा मिस्किल खरा!

बंगाली घरांत मधुमेही माणूस पुष्कळदा रसगुल्ला वर्ज्य करीत नाही. तो बोटांनी दाबून त्यातील पाक वाटीत पिळून टाकतो आणि उरलेला छेना खातो. यात थोडे शहाणपण आहे आणि थोडी आत्मवंचनाही आहे. येथे विचार करावयाचा आहे तो वाटीत उरलेल्या पाकाचा. मधुमेह्याच्या आयुष्यात अशी एखादी वेळ येऊ शकते, की जेव्हा छेन्याचा उपयोग नसतो आणि टाकून दिलेला पाकच औषध ठरतो. ज्या घरात 'यांना गोड मुळीच द्यायचे नाही' हा नियम कडकपणे पाळला जातो, तेथेच अशा वेळी घरची माणसे साखरेचा डबा उघडण्यास कचरतात, आणि तेवढ्यात अनर्थ ओढवतो.

निरोगी प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते, आणि दर १०० मिलिलिटर रक्तात उपाशीपोटी ७० ते १०० मिलिग्रॅमच्या आसपास ग्लुकोज, म्हणजे द्राक्षशर्करा, असते. हिशेब केला तर साऱ्या रक्तात मिळून चार-पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा जेमतेम एक चमचा साखर भरते. मेंदू रात्रंदिवस हीच शर्करा वापरतो. त्याला दिवसाकाठी सुमारे १२० ग्रॅम लागते आणि साठा म्हणावा असा त्याच्यापाशी जवळजवळ नसतो. स्नायू चरबीवर निभावून नेऊ शकतात. मेंदूला मात्र रक्तातून क्षणोक्षणी पुरवठा व्हावा लागतो. म्हणूनच तो चमचा अर्ध्यावर आला, की बुद्धी प्रथम डळमळते.

एरवी शरीर या चमच्यावर कडक पहारा ठेवते. शर्करा उतरू लागताच स्वादुपिंड आपले इन्सुलिन आखडते घेते. त्यापुढे ग्लुकॅगॉन हे संप्रेरक यकृतातील साठा मोकळा करावयास लावते, आणि अॅड्रेनलिन साऱ्या देहाला जागे करते. परंतु टोचून घेतलेले इन्सुलिन परत बोलावता येत नाही. जेवण चुकले, नेहमीपेक्षा अधिक चालणे झाले किंवा मात्रा जास्त घेतली गेली, तरी ते आपले काम करीतच राहते. ज्यांना लहानपणापासून मधुमेह आहे त्यांच्यात कालांतराने ग्लुकॅगॉनचा पहारेकरीही झोपी जातो. गोळ्यांपैकी ग्लायबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड यांसारख्या गोळ्या स्वादुपिंडाकडून सक्तीने इन्सुलिन स्रववितात, त्यामुळे त्यांनीही हा प्रसंग येतो. या वर्गाच्या गोळ्यांचा उगमच अशा एका प्रसंगात आहे: फ्रान्समधील मॉन्पेलिये येथे १९४२ साली विषमज्वराच्या रोग्यांना एक नवे सल्फा औषध देण्यात आले, तेव्हा त्यांच्या रक्तातील शर्करा धोकादायक रीतीने उतरल्याचे आढळले. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्याला असा प्रसंग क्वचितच येतो.

इन्सुलिनचा गुण आणि त्याचा धोका हे दोन्ही एकाच वेळी जगासमोर आले. टोरांटोत १९२१-२२ च्या हिवाळ्यात जेम्स कॉलिप हे स्वादुपिंडाचा अर्क शुद्ध करून सशांना टोचून पाहात होते. मात्रा जास्त झाली की ससे झटके येऊन कोसळत, आणि ग्लुकोज टोचताच उठून बसत. पुढे इन्सुलिनचे 'एकक' ठरविताना हीच कसोटी उपयोगी पडली. प्रयोगशाळेतील तो ससा आज शतकानंतरही प्रत्येक रोग्याला एकच गोष्ट सांगतो: उतार शर्करेचा असेल तर उपायही शर्कराच.

रक्तशर्करा दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली आली की उपाय सुरू करावा, आणि ५४ च्या खाली गेली तर प्रसंग गंभीर समजावा, असा आजचा वैद्यकीय संकेत आहे. प्रथम अॅड्रेनलिनच्या खुणा दिसतात: थंड घाम, हातांची थरथर, छातीत धडधड, कडकडून भूक. त्यानंतर मेंदूच्या खुणा येतात: दृष्टी अंधुक होणे, शब्द अडखळणे, विनाकारण चिडणे, सोप्या प्रश्नाला भलतेच उत्तर देणे. रस्त्यावर अशा माणसाला लोक दारूडा समजतात, ही यातील सर्वांत दुःखद बाब आहे. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर वर्गाची औषधे घेणाऱ्यांत धडधड व थरथर झाकली जाते, घाम मात्र झाकला जात नाही. यंत्र हाताशी असेल तर बोटाचा थेंब तपासावा. नसेल तर शंका येताच उपाय करावा. थोडी जादा साखर पोटात गेल्याने तासाभराचे नुकसान होते. उशीर केल्याने जिवावर बेतू शकते.

मात्रा ठरलेली आहे. सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या भुकटीचे चहाचे तीन ते चार चमचे, अर्ध्या पेला पाण्यात विरघळवून प्यावे. एवढ्याने वीस मिनिटांत रक्तशर्करा साधारण ४० मिलिग्रॅमने चढते. ग्लुकोज नसेल तर तितकीच साधी साखर पाण्यातून चालते. साखरेचा रेणू आतड्यात फुटून निम्मा द्राक्षशर्करेचा व निम्मा फळशर्करेचा होतो, म्हणून तिचे काम किंचित सावकाश होते, एवढेच.

आणि येथे बागबाजारची बशी पुन्हा समोर येते. हाताशी दुसरे काही नसेल, तर रसगुल्ल्याचा पाक दोन-तीन मोठे चमचे घ्यावा. तो दुकानागणिक कमीअधिक दाट असतो, म्हणून मोजलेली साखर अधिक भरवशाची. संदेश, पेढा, बर्फी किंवा चॉकलेट मात्र कामाचे नाहीत. त्यांतील स्निग्धांशामुळे अन्न जठरात रेंगाळते आणि शर्करा रक्तात उशिरा पोहोचते. जी वस्तू जिभेला अधिक गोड लागते ती रक्तात लवकर पोहोचते, हा समज चुकीचा आहे. अलीकडे मिठाईच्या दुकानांत 'शुगर-फ्री' संदेश मिळतो. त्यातील गोडी कृत्रिम असल्याने या प्रसंगी तो जवळजवळ निरुपयोगी आहे. अकार्बोज किंवा वोग्लिबोज ही औषधे घेणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे, की ही औषधे आतड्यात साखर फुटू देत नाहीत. त्यांच्यासाठी पाक किंवा साखर नव्हे, शुद्ध ग्लुकोजच हवे.

यानंतरची पंधरा मिनिटे सर्वांत कठीण असतात. साखर पोटात गेलेली असते, पण भूक व घबराट शमलेली नसते. मेंदू अजून अन्न मागत असतो. या अवधीत माणूस समोर दिसेल ते खात सुटतो, आणि दोन तासांनी रक्तशर्करा ३०० वर जाऊन बसते. म्हणून घड्याळाकडे पाहून पंधरा मिनिटे थांबावे आणि पुन्हा तपासावे. ती ७० च्या वर आली नसेल तर तीच मात्रा पुन्हा द्यावी. वर आली म्हणजे मात्र काम संपले असे नव्हे, कारण ग्लुकोजचा हा परिणाम तासाभरात ओसरू लागतो. पुढचे जेवण दूर असेल तर एक पोळी, थोडा भात, दूध-बिस्किटे असे काहीतरी टिकाऊ पोटात घालावे.

रोगी गिळू शकत नसेल किंवा बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही घालू नये. साखरपाणी श्वासनलिकेत गेल्यास घात होतो. त्याला कुशीवर निजवावे. घरी ग्लुकॅगॉनचे इंजेक्शन ठेवलेले असेल व ते देण्याचे शिक्षण कोणी घेतले असेल तर द्यावे, आणि रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णालयात शिरेतून ग्लुकोज देतात. गोळ्यांमुळे आलेला झटका शुद्धीवर आल्यानंतरही कित्येक तासांनी उलटू शकतो, विशेषतः वृद्धांत आणि मूत्रपिंड दुबळे असणाऱ्यांत. अशा रोग्याने बरे वाटताच घरी निघून जाऊ नये.

यंत्रावरचा आकडा सुधारला तरी मेंदू लगेच पूर्ववत होत नाही. डोके दुखते, थकवा राहतो, निर्णय मंदावतात. ब्रिटनमध्ये वाहनचालकाने रक्तशर्करा पूर्ववत झाल्यावरही ४५ मिनिटे गाडी हाती घेऊ नये असा नियम आहे, तो याच कारणाने. पुष्कळांना या प्रसंगानंतर शरम वाटते. घरच्यांवर ओरडल्याचे कोणी सांगितले की ते मान खाली घालतात. वास्तविक ते ओरडणे उपाशी मेंदूचे असते.

मग कारण शोधावे लागते. दुर्गापूजेतील अष्टमीला बागबाजारच्या मंडपात पुष्पांजली वाहीपर्यंत पुष्कळ जण उपाशी असतात. सकाळची गोळी मात्र सवयीने घेतली जाते. आपल्याकडील एकादशीला किंवा रमझानच्या रोज्याला हेच घडते. उपवास करावयाचाच असेल, तर आधी डॉक्टरांना विचारून औषधाची मात्रा व वेळ बदलून घ्यावी लागते. उपाशीपोटी घेतलेले मद्य हे दुसरे कारण. ते यकृताला नवी शर्करा घडवू देत नाही.

याहून अवघड कारण म्हणजे आधीचाच झटका. एकदा शर्करा खोल उतरली की पुढील दिवसभर शरीराची धोक्याची घंटा मंद वाजते, आणि असे वारंवार झाले तर ती वाजेनाशी होते. घाम नाही, थरथर नाही, एकदम शुद्धच हरपते. परंतु ही अवस्था कायमची असतेच असे नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने उद्दिष्ट थोडे सैल करून काही आठवडे एकही उतार येऊ दिला नाही, तर पुष्कळांत त्या खुणा परत येतात. त्यासाठी प्रत्येक प्रसंगाची तारीख, वेळ, आकडा आणि त्यापूर्वी काय खाल्ले, काय घेतले, किती चालले, एवढे वहीत टिपून ती वही पुढील भेटीत डॉक्टरांसमोर ठेवावी.