जुना ट्रॅक्टर, ऑईल सील आणि दुरुस्तीचे अर्थशास्त्र

भारतीय शेतीच्या यांत्रिकीकरणाचे मोजमाप सामान्यतः नव्या ट्रॅक्टरांच्या विक्रीवरून केले जाते. देशात ट्रॅक्टरनिर्मितीचा प्रारंभ १९५९ साली फरिदाबाद येथे झाला आणि आज संख्येच्या दृष्टीने भारत ही ट्रॅक्टरांची जगातील सर्वांत मोठी बाजारपेठ आहे. परंतु विक्रीचे आकडे चित्राची एकच बाजू दाखवितात. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातील सरासरी जमीनधारणा अवघी १.०८ हेक्टर असून सुमारे ८६ टक्के खातेदार अल्प व अत्यल्प भूधारक आहेत. या वर्गातील शेतकऱ्याच्या दारी ट्रॅक्टर येतो तो बहुधा दुसऱ्या वा तिसऱ्या मालकाकडून, किंवा भाड्याने. त्यामुळे त्याच्या दृष्टीने यांत्रिकीकरणाचा खरा प्रश्न खरेदीचा नसून दुरुस्तीचा आहे. ऑईल सील या अगदी लहान भागाच्या आधारे हा प्रश्न नीट समजून घेता येतो.

सीलचे कार्य

इंजिन, गिअरबॉक्स, मागचा धुरा यांतून जेथे फिरता शाफ्ट बाहेर पडतो, तेथे आतील तेल अडविण्याचे काम ऑईल सील करते. धातूचे कडे आणि त्यावर रबर अशी त्याची रचना असते. कड्याचा बाह्य भाग हाउसिंगमध्ये घट्ट बसतो. आतील रबराची पातळ धार शाफ्टवर टेकते आणि धारेमागील बारीक गोल स्प्रिंग तिचा दाब कायम ठेवते. धार व शाफ्ट यांच्यामध्ये तेलाचा अत्यंत पातळ थर राहतो. हा थर नसेल तर घर्षणाने धार करपून जाते. अनेक सीलांना बाहेरच्या बाजूने आणखी एक लहान धार असते. तिचे काम धूळ व चिखल रोखण्याचे. भातखाचरात चिखलणी करणाऱ्या ट्रॅक्टरांत या दुसऱ्या धारेला विशेष महत्त्व असते.

गळतीची किंमत

एका मिलिलिटरमध्ये तेलाचे वीस थेंब धरले आणि दर दहा सेकंदांना एक थेंब गळतो असे मानले, तर तासाला १८ मिलिलिटर तेल जाते. वर्षाकाठी ६०० तास काम करणाऱ्या ट्रॅक्टरमधून सुमारे पावणेअकरा लिटर तेल केवळ जमिनीत मुरते.

याहून मोठी हानी अप्रत्यक्ष असते. इंजिनाच्या मागील किंवा गिअरबॉक्सच्या पुढील सीलमधून तेल गळले की ते क्लच प्लेटवर पोहोचते आणि क्लच घसरू लागतो. कोरड्या ब्रेकची रचना असलेल्या जुन्या ट्रॅक्टरांत धुऱ्याचे सील निकामी झाल्यास तेल ब्रेक लायनरवर जाते. उसाने वा धान्याने भरलेली ट्रॉली उतारावर ओढणाऱ्या चालकाच्या दृष्टीने तो जीविताचाच प्रश्न ठरतो.

येथे दुरुस्तीचे खरे गणित स्पष्ट होते. सील स्वस्त असते. पण क्लचजवळील सीलपर्यंत पोहोचण्यासाठी इंजिन व गिअरबॉक्स वेगळे करून ट्रॅक्टर मधोमध उघडावा लागतो. सील चुकीचे बसले तर सगळी मजुरी पुन्हा द्यावी लागते आणि पेरणीच्या हंगामातील दिवस वाया जातात ते वेगळेच. सुट्या भागाची किंमत अल्प, कौशल्याच्या अभावाची किंमत मात्र अनेक पटींनी अधिक, असे हे विषम समीकरण आहे.

निदान : पहिली पायरी

गळती दिसताच सील बदलणे हा उपाय नेहमीच योग्य नसतो. प्रथम भाग स्वच्छ पुसून तेल नेमके कोठून येते ते पाहावे. क्लच हाउसिंगच्या तळाच्या छिद्रातून ठिबकणारे तेल काळे व पातळ असेल तर ते बहुधा इंजिनाचे, घट्ट व उग्र वासाचे असेल तर गिअरबॉक्सचे समजावे. तेलाची पातळी खुणेपेक्षा अधिक नाही ना, तसेच हवा बाहेर सोडणारा ब्रीदर मातीने बुजलेला नाही ना, याची खात्री करावी. ब्रीदर बंद असल्यास आत दाब वाढतो आणि नवे सीलही गळू लागते. शाफ्ट हाताने हलवून बेअरिंगमधील ढिलाई तपासावी. बेअरिंग झिजले असेल तर शाफ्ट डोलत फिरतो. अशा शाफ्टवर कोणतेही सील टिकत नाही.

बसविण्याची पद्धत

जुने सील काढण्यापूर्वी ते किती खोल बसले आहे आणि त्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे याची नोंद करावी. काढताना हाउसिंगला ओरखडा पडू देऊ नये. सीलवर ४५-६५-१० असे आकडे असतात. ते अनुक्रमे शाफ्टचा व्यास, हाउसिंगचा व्यास आणि सीलची जाडी मिलिमीटरमध्ये दर्शवितात. जुळणारे आकडे पुरेसे नसतात, रबराचा प्रकारही पाहावा लागतो. सर्वसाधारण नायट्राइल रबर सुमारे १०० अंश सेल्सिअसपर्यंत चालते. अधिक उष्ण जागी उत्पादकाने सुचविलेले उष्णतारोधक रबरच वापरावे.

शाफ्टवर जुन्या धारेने खाच पाडली आहे का, हे नखाने चाचपावे. किरकोळ खरबरीतपणा बारीक पॉलिश पेपरने काढता येतो; मात्र पेपर शाफ्टच्या गोलाईनेच फिरवावा, लांबीच्या दिशेने नव्हे, कारण आडव्या रेषांतून तेल बाहेर येण्यास वाट मिळते. नखाला स्पष्ट अडणारी खाच असल्यास जागा असेल तेथे सील दोन-तीन मिलिमीटर पुढे-मागे बसवून धार कोऱ्या पृष्ठभागावर आणता येते, अन्यथा शाफ्टवर पातळ पोलादी स्लीव्ह चढवावी.

सीलची स्प्रिंग असलेली बाजू तेलाकडे ठेवावी. धारेला तेल लावावे, कोरडे सील कधीही बसवू नये. दोन धारा असल्यास त्यांच्यामध्ये थोडे ग्रीस भरावे. शाफ्टच्या दातेरी खाचांवर किंवा चावीच्या घळीवर गुळगुळीत प्लॅस्टिक गुंडाळावे, म्हणजे धार कापली जात नाही. सीलच्या बाह्य व्यासाहून किंचित लहान, सपाट तोंडाचा नळीचा तुकडा घेऊन त्यावर हलके ठोके द्यावेत. एका कडेवर हातोडा मारल्यास सील तिरपे बसते आणि कडे वाकते. हाउसिंग खरवडलेले असेल तर बाहेरच्या कडेला सीलंटचा पातळ थर चालतो. तो धारेपर्यंत पोहोचता कामा नये. अखेरीस शाफ्ट हाताने फिरवून पाहावा, तेल योग्य पातळीपर्यंत भरावे आणि थोडा वेळ चालविल्यानंतर पुन्हा तपासणी करावी.

अदृश्य गुणवत्तेचा बाजार

वरील पद्धतीत महागडी यंत्रसामग्री कोठेच लागत नाही. तरीही ती सार्वत्रिक का नाही? जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले, की विक्रेत्याला गुणवत्ता ठाऊक असते पण ग्राहकाला ती दिसत नाही, तेव्हा निकृष्ट माल चांगल्याला बाजारातून हुसकावतो. दुरुस्तीसेवेलाही हे लागू पडते. शाफ्ट तपासणारा मेकॅनिक आणि सील ठोकून मोकळा होणारा मेकॅनिक यांच्या कामातील फरक त्या दिवशी दिसत नाही, मजुरीतील फरक मात्र लगेच दिसतो. स्वस्त काम निवडले जाते आणि काळजीपूर्वक काम करणाऱ्यास मोबदला मिळत नाही. नकली सीलांच्या बाबतीतही हेच घडते.

जुन्या ट्रॅक्टरांच्या संदर्भात ही अडचण अधिक तीव्र आहे. पिंजोर येथे १९७१ पासून ट्रॅक्टर बनविणारा एचएमटीचा विभाग बंद करण्यास २०१६ मध्ये मंजुरी मिळाली. परंतु ते ट्रॅक्टर शेतात उभे आहेत. अशा यंत्रांचे आयुष्य गावच्या मेकॅनिकच्या हाती असते.

काय करता येईल?

बुदनी, हिसार, गार्लादिन्ने आणि बिश्वनाथ चारियाली येथे कृषियंत्र प्रशिक्षण व चाचणीच्या केंद्रीय संस्था आहेत आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत ट्रॅक्टर मेकॅनिकचा अभ्यासक्रमही आहे. या यंत्रणेचा लाभ आधीपासून काम करणाऱ्या अनौपचारिक कारागिरांना मिळावा, यासाठी हंगामाबाहेरचे अल्पमुदतीचे वर्ग आणि प्रात्यक्षिकावर आधारित प्रमाणपत्र उपयुक्त ठरेल. असे प्रमाणपत्र म्हणजे अदृश्य गुणवत्तेला दृश्य रूप देणे होय. दुसरे असे, की ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’च्या विचारासाठी निवडलेल्या क्षेत्रांत शेती अवजारांचा समावेश होता, त्या अनुषंगाने जुन्या ट्रॅक्टरांची दुरुस्ती-पुस्तिका व सुट्या भागांचे मापतक्ते भारतीय भाषांत उपलब्ध होणे आवश्यक आहे. तिसरे, अवजारे भाड्याने देणाऱ्या केंद्रांना मिळणारे साहाय्य यंत्रखरेदीपुरते न राहता देखभालीच्या नोंदींशी जोडले जावे.

शेतकऱ्यानेही सील बदलून घेताना तीन गोष्टी विचाराव्यात : शाफ्ट तपासला का, ब्रीदर साफ केला का आणि बेअरिंगमध्ये ढिलाई आहे का? या प्रश्नांची उत्तरे देणाऱ्या मेकॅनिकला चार पैसे अधिक मोजणे हा खर्च नसून गुंतवणूक आहे. यांत्रिकीकरणाचे यश किती यंत्रे विकली गेली यापेक्षा ऐन हंगामात किती यंत्रे चालू राहिली यावरून मोजणे अधिक सयुक्तिक ठरेल.