भूस्तरांची पाहणी आणि सार्वजनिक नियोजन : उज्जैनचे उदाहरण

क्षिप्रेच्या पूर्व तीरावरील उज्जैन नगरी ज्या भूमीवर उभी आहे, ती महाराष्ट्राला परकी नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्हारसाचा जो बेसॉल्ट खडक सह्याद्रीत आढळतो, तोच माळव्याच्या पठाराखालीही पसरला आहे. त्यावर काळ्या मातीचा थर असून नदीकाठी गाळाची भर आहे. खडक कठीण म्हणून भूमीही भरवशाची, असा समज नियोजनात सहज रूढ होतो. प्रत्यक्षात धोका असतो तो खडकावरील आवरणात आणि थरांच्या सांध्यांत.

काळ्या मातीचा स्वभाव शेतकऱ्यास ठाऊक असतो. तीतील मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पाणी शोषून फुगते व वाळताना आकसते. म्हणून उन्हाळ्यात भुईला भेगा पडतात. उज्जैनचा सिंहस्थ चैत्र-वैशाखात भरतो. त्यासाठीची बरीच कामे कोरड्या दिवसांत होतात आणि त्या वेळी हीच माती दगडासारखी टणक भासते. तिची खरी परीक्षा पावसात होते. ५ मे २०१६ रोजी ऐन सिंहस्थात वादळी पाऊस कोसळला, मंडप पडून भाविकांचा बळी गेला व मेळ्याच्या जागेत चिखल झाला. वाऱ्याचा जोर हे त्या दुर्घटनेचे मुख्य कारण असले, तरी भिजलेल्या काळ्या मातीत खांब व ताण-खुंट्या किती धरतात, हा प्रश्न भूस्तर-पाहणीच्याच कक्षेतील आहे. कायम इमारतींचा पाया ही माती ओलांडून मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत न्यावा लागतो. ते परवडणारे नसेल तेथे तळाशी फुगीर असे अंडर-रीम्ड पाइल वापरता येतात. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने ही पद्धत अशाच भूमीसाठी विकसित केली.

पाण्याचा प्रश्नही खडकाशीच निगडित आहे. अखंड काळ्या पाषाणात पाणी मुरत नाही. ते भेगांत, झिजलेल्या मांजऱ्या खडकात आणि दोन थरांच्या सांध्यात साठते. त्यामुळे एका विहिरीस पाणी लागते, तर शेजारची कोरडी जाते. उन्हाळ्यात क्षिप्रेचा प्रवाह क्षीण होतो. म्हणून २०१४ मध्ये नर्मदेचे पाणी उपसून क्षिप्रेच्या उगमाकडे सोडण्याची योजना कार्यान्वित झाली. पावसाळ्यात मात्र याच नदीच्या पुरात रामघाटावरील मंदिरे बुडतात. गढकालिका येथील १९५५ नंतरच्या उत्खननात प्राचीन नगराचा मातीचा तट आणि नदीच्या बाजूने धूप रोखण्यासाठी योजलेले लाकडी बांधकाम आढळले. नदी काठ कोरते हे त्या काळच्या नगररचनाकारांनी गृहीत धरले होते, ही गोष्ट आजच्या घाटबांधणीतही विसरण्याजोगी नाही.

तज्ज्ञांचा अहवाल प्रत्यक्ष व्यवहारात कसा उतरतो, याचे उदाहरण याच नगरीत मिळते. महाकाळेश्वराच्या ज्योतिर्लिंगाची झीज होत असल्याची तक्रार सर्वोच्च न्यायालयात गेली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांच्या अधिकाऱ्यांनी २०१७ मध्ये लिंगाची पाहणी केली. त्यानंतर प्रत्येक भाविकामागे अर्धा लिटर शुद्धीकृत पाणी आणि भस्मआरतीच्या वेळी लिंगावर सुती वस्त्र, असे नेमके नियम मंदिर समितीने स्वीकारले. दगडाची स्थिती पाहून रोजचा आचार बदलला. रस्ता, पूल किंवा वसाहत यांबाबतच्या अहवालांना एवढे भाग्य क्वचितच लाभते; बहुधा जागा आधी ठरते आणि अहवाल नस्तीत मागाहून जोडला जातो.

महाराष्ट्राने या क्रमाची किंमत मोजली आहे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगराचा कडा कोसळून दीडशेहून अधिक माणसे दगावली. तेथेही खाली बेसॉल्टच होता. घसरले ते त्यावरील झिजलेले, पाण्याने जड झालेले आवरण.

नाशिक असो वा उज्जैन, दोन सिंहस्थांमध्ये साधारणतः बारा पावसाळे मिळतात. विंधनछिद्रांच्या नोंदी, काळ्या मातीची खोली, मे व ऑक्टोबरमधील विहिरींची पातळी आणि पुराच्या खुणा त्यांपैकी पहिल्या काही वर्षांतच नकाशावर आल्या, तर आराखडा त्यांवरून आखता येतो. निविदा निघाल्यावर खणलेल्या चाचणी-खड्ड्यांचा उपयोग देयके मंजूर करण्यापलीकडे फारसा होत नाही.