बर्फातली वाट आणि घामाची भीती

अमेरिकेच्या ईशान्य भागात, न्यू हॅम्पशायर राज्यात, माउंट वॉशिंग्टन नावाचे शिखर आहे. त्याची उंची १९१७ मीटर. म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा जेमतेम पावणेतीनशे मीटर अधिक. पण तिथला हिवाळा मोठा भयंकर! शिखरावरील वेधशाळेने १२ एप्रिल १९३४ रोजी ताशी ३७२ किलोमीटर वेगाचा वारा मोजला. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथले तापमान उणे ४४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते.

विद्यार्थी मित्रांनो, अशी कल्पना करा की, हिवाळ्यातल्या एका सकाळी तुम्ही या पर्वताच्या पायथ्याशी उभे आहात. झाडीतून एक वाट वर गेली आहे. तिच्यावर मांडीइतका खोल, भुसभुशीत बर्फ साचला आहे. तापमान आहे उणे २० अंश. या वाटेने वर जाऊन सुखरूप परत यायचे, तर सर्वांत जास्त कशाला जपावे? तुम्ही म्हणाल, थंडीला. पण बर्फात वावरलेला माणूस म्हणेल, "घामाला!" हे उत्तर विचित्र वाटते ना? ते बरोबर कसे, हे आता पाहू.

पाय का रुततो?

ताज्या बर्फाच्या ढिगात बर्फ थोडा आणि हवाच फार असते. त्याची घनता पाण्याच्या एकदशांश किंवा त्याहूनही कमी असते. असा बर्फ फारसा दाब सोसू शकत नाही.

तुमचे वजन कपडे व पाठपिशवीसह ७२ किलोग्रॅम आहे असे धरू. बुटाच्या तळाचे क्षेत्रफळ सुमारे ३०० चौरस सेंटिमीटर असते. चालताना क्षणभर सगळा भार एकाच पायावर येतो. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर ७२ ÷ ३०० = ०.२४ किलोग्रॅम भार. पाय मांडीपर्यंत आत जातो. तो उपसून काढायचा आणि पुढे पुन्हा रुतवायचा! शंभर पावलांतच दम लागतो आणि घामाच्या धारा सुरू होतात.

यावरचा उपाय म्हणजे हिमपादुका, इंग्रजीत ज्याला 'स्नो-शू' म्हणतात. उत्तर अमेरिकेतील आदिवासींनी तो फार पूर्वीच शोधून काढला. अ‍ॅश झाडाचे लवचीक लाकूड वाकवून ते चौकट करीत आणि तीत कच्च्या चामड्याच्या वाद्यांची जाळी विणीत. जाळीमुळे पादुका हलकी राहते आणि वर पडलेला बर्फ खाली गळून जातो. आता चौकट बहुधा अ‍ॅल्युमिनियमची असते, आणि चढावर पकड यावी म्हणून तळाला धातूचे दाते असतात.

अशा पादुकेचे क्षेत्रफळ १२०० चौरस सेंटिमीटर धरले, तर दर चौरस सेंटिमीटरवरील भार ०.०६ किलोग्रॅम होतो. वजन तेच, पण दाब एकचतुर्थांश! पाय आता थोडासाच दबतो. निसर्गानेही हीच युक्ती वापरली आहे. त्या प्रदेशातल्या एका सशाचे मागचे पाय इतके रुंद असतात की त्याचे नावच 'स्नो-शू ससा' पडले आहे.

शरीराची शेगडी

स्वस्थ बसलेल्या माणसाचे शरीर सुमारे १०० वॉट उष्णता देते. चढ चढताना स्नायूंच्या कामामुळे ती पाचसहापट होऊ शकते. म्हणून उणे २० अंशांतही भराभर चालणाऱ्याला उकडते. अंगातले लोकरीचे कपडे तसेच ठेवले की घाम येतो आणि कपडे ओले होतात.

कोरडे कपडे ऊब देतात ते त्यांच्यात अडकलेल्या हवेमुळे. हवा उष्णतेची मंद वाहक आहे. पाणी हवेच्या सुमारे २५ पट उष्णता वाहून नेते. हवेची जागा घामाने घेतली की ऊब गेलीच. सुती कापड तर पाणी धरून ठेवते. म्हणून बर्फात ते वर्ज्य.

शिवाय घामाची वाफ होताना उष्णता लागते, दर ग्रॅमला सुमारे ५८० कॅलरी. १०० ग्रॅम घाम सुकायला ५८,००० कॅलरी हव्यात. एवढी उष्णता निर्माण करायला स्वस्थ बसलेल्या शरीराला सुमारे चाळीस मिनिटे लागतात!

खरा धोका असतो तो विश्रांतीसाठी थांबल्यावर. शेगडी मंदावते, पण ओले कपडे उष्णता ओढतच राहतात. शरीराच्या आतले तापमान ३५ अंशांखाली गेले की हुडहुडी भरते, बोबडी वळते, पाय अडखळतात. पुढे विचारशक्तीही मंदावते, आणि आपले काही बिघडले आहे हे त्या माणसाला स्वतःला कळतच नाही. म्हणून अशा वाटेवर एकट्याने जाऊ नये आणि सोबत्यांनी एकमेकांकडे लक्ष ठेवावे.

वारा काय करतो?

शरीरालगतचा उबदार हवेचा थर वारा उडवून नेतो. तापमान उणे २० अंश आणि वाऱ्याचा वेग ताशी ३० किलोमीटर असेल, तर उघड्या त्वचेला वारा नसताना उणे ३३ अंशांत वाटेल तेवढी थंडी वाटते. अशा वेळी नाक, कान व बोटे यांना हिमदंश होऊ शकतो. त्वचा पांढुरकी पडते व बधिर होते. ती चोळू नये. बर्फाने तर मुळीच नाही. बोटे काखेत धरून ऊब द्यावी आणि लवकर आडोशाला जावे.

तेव्हा नियम सोपा आहे. निघताना अंगात थोडी थंडी वाजू द्या. घाम येण्याआधी एक कपडा उतरवा आणि थांबताच तो पुन्हा चढवा. चाल इतकी सावकाश ठेवा की बोलता बोलता चालता यावे. हिमपादुकेचा मोठा उपकारही हाच : ती श्रम वाचवते आणि श्रमाबरोबर घामही वाचवते.

करून पाहा

दोन सारख्या बाटल्यांत सारखेच गरम पाणी भरा. एकीला कोरडे व दुसरीला ओले फडके गुंडाळा. दोन्ही पंख्याखाली ठेवा आणि दर पाच मिनिटांनी तापमान लिहून आलेख काढा.

विचार करा

१. उणे २० अंशांत वारा सुटला, तर बाहेर टांगलेला कोरडा तापमापक उणे ३३ अंश दाखवील का?

२. बर्फात पाण्याची बाटली उलटी, तोंड खाली करून नेतात. का बरे?